सुधाकराला न भेटलेले मंडळ

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे की, त्यात भर घालू इच्छिणाऱ्याने प्रथम आपले प्रयोजन सांगावे हे बरे. गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे वारले. त्यानंतर महिना भरण्यापूर्वीच, 20 फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यास या नाटकाचा पहिला प्रयोग केला. तेव्हापासून शंभराहून अधिक वर्षे टीकाकार बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहेत: सुधाकराचा नाश ही खरी शोकांतिका मानावी, की ते मद्यपाननिषेधाचे पाच अंकी व्याख्यान समजावे? या वादात उभय पक्षी विद्वान आहेत आणि त्यांना तेथेच सोडून देण्यास आमची हरकत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. सुधाकर नाटकात एकदा दारू सोडण्याचा मनापासून निश्चय करतो. तो निश्चय टिकत का नाही?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथालयात सुचलेला नाही. बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर हे तालुक्याचे गाव आहे. तेथील एका गृहस्थांनी तो आमच्यापुढे ठेविला. त्यांचे नाव आम्ही देत नाही, आणि नाव न देणे हा या विषयाचा एक मुख्य नियमच आहे, हे पुढे दिसून येईल. त्यांचे म्हणणे साधे होते. दारू लागते कशी हे गडकऱ्यांनी पाच अंकांत सांगितले. सुटते कशी हे कोठे सांगितले आहे? आमच्यासारख्या साहित्याच्या अध्यापकाजवळ अशा प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे तयार असतात. कलावादी म्हणेल की, नाटककार हा वैद्य नव्हे, औषध सांगण्याचे बंधन त्याजवर नाही. बोधवादी म्हणेल की, पडण्याचे भय दाखविले की सावध राहण्याचा उपदेश त्यात आलाच. दोन्ही उत्तरे शाळेतील मुलांस पुरतील. परंतु जो पडून चुकला आहे त्याला पडण्याचे भय दाखवून काय उपयोग? आणि गडकऱ्यांनी सुटकेचा प्रश्न टाळला आहे असेही नाही. त्यांच्याच नाटकात एक मनुष्य दारूतून सुटतो. त्याचे नाव भगीरथ. टीकाकारांनी त्याजकडे फारसे लक्ष दिलेले नाही, ही गोष्ट वेगळी.

मराठी रंगभूमीला मद्य हा विषय गडकऱ्यांनी प्रथम दिला असे नव्हे. त्यांचे साहित्यगुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 1901 सालच्या ‘मूकनायका’त त्याला हात घातला होता. हे कोल्हटकर म्हणजे संग्रामपूरकरांचे जवळजवळ शेजारीच. शेजारच्या जळगाव जामोदास त्यांनी वकिली केली. पुढे 1913 साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘विद्याहरणा’त शुक्राचार्यांची पौराणिक कथा घेतली. राक्षस कचाला जाळून त्याची राख मद्यात कालवितात, आचार्य तो पेला पितात, आणि सत्य कळताच मद्याला शाप देऊन मोकळे होतात. पुराणातील ऋषीला हे शोभते. त्याच्या वाणीत शापाचे सामर्थ्य आहे आणि एका शापात त्याचे व्यसन संपते. गडकऱ्यांची थोरवी अशी की, त्यांनी हा पेला ऋषीच्या हातून काढून एका तरण्याताठ्या वकिलाच्या हाती दिला. सुधाकराजवळ शापाचे सामर्थ्य नाही. त्याजवळ आहे ती बुद्धी, मान आणि मनाचा निश्चय. आणि ही तिन्ही दारूपुढे किती अपुरी पडतात हे दाखविण्यासाठीच नाटक लिहिले आहे.

आता त्या नाटकातील आर्यमदिरामंडळाकडे वळू. सामान्य प्रेक्षक त्यास विनोदाचे ठिकाण समजतो. गडकऱ्यांच्या काळी प्रत्येक सत्कार्यासाठी एक मंडळ, एक चिटणीस आणि नियमांचे एक पुस्तक असे. त्या हौसेची ही थट्टा आहे, हे खरेच. पण थट्टा बाजूला ठेवून त्या मंडळाची घटना पाहावी. तेथे शास्त्री आहे, तसा खुदाबक्षही आहे. ज्यांना बाहेरच्या जगात एका पंक्तीस बसविण्यास कोणी धजला नसता, ते येथे एका पेल्याने भाऊ झाले आहेत. प्रवेशाला विद्या, जात, पैसा, अब्रू यांपैकी काहीही लागत नाही. पिण्याची इच्छा एवढीच पात्रता. येथे कोणी कोणाला हिणवीत नाही, काल काय केलेस म्हणून जाब विचारीत नाही, आणि आलेल्याला परतही लावीत नाही. तळीराम हा कारकून. त्याचा धनी असलेला सुधाकर भर न्यायालयात अपमान होऊन आणि सनद सहा महिन्यांसाठी स्थगित होऊन घरी बसतो, तेव्हा त्याला पहिला पेला देणारा हाच कारकून असतो. त्या घटकेस सुधाकराला दारूइतकीच, किंबहुना दारूहूनही अधिक, गरज होती ती आपला अपमान न मोजणाऱ्या माणसांची. ती त्याला मंडळात मिळाली. आमच्या मते गडकऱ्यांनी येथे जे पाहिले ते त्यांच्या काळच्या मद्यपाननिषेधकांपैकी फारच थोड्यांनी पाहिले होते: मनुष्य बाटलीला जितका बांधला जातो, तितकाच तो बाटलीभोवतीच्या मंडळीला बांधला जातो.

हे ध्यानात घेतले म्हणजे सुधाकराच्या निश्चयाचे पुढे काय होते ते उलगडते. दारू सोडताच त्याला मंडळ सोडावे लागते. मग तो जातो कोठे? काम मिळावे म्हणून तो आपल्या जुन्या प्रतिष्ठित ओळखीच्या लोकांकडे जातो आणि तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. ज्या जगात तो परत जाऊ पाहतो ते त्याला घेत नाही. ज्या जगात त्याला घेतले जाते तेथे पेला आहे. घरी सिंधू आहे, पण सिंधूपुढे त्याला तोंड वर करवत नाही. मित्र रामलाल आहे. तो सज्जन आहे, विद्वान आहे, आणि त्याने दारूला कधी स्पर्श केलेला नाही. शेवटचे हे विशेषण गुणाचे खरे, परंतु या प्रसंगी तेच त्याचे अपंगत्व ठरते.

सुधाकर रामलालला दारूची चढती पायरी समजावून सांगतो तो प्रवेश वाचकांस आठवत असेलच. पहिल्या मौजेपासून शेवटच्या अगतिकतेपर्यंतचा तो आलेख इतका सूक्ष्म आहे की, आजच्या मानसरोगवैद्यालाही त्यात दुरुस्ती करण्यास फारशी जागा नाही. नट हा प्रवेश गाजवितात, प्रेक्षक टाळ्या देतात. आम्हांस तो वाचताना दरवेळी एकच गोष्ट खटकते. हा मनुष्य आपल्या रोगाचे संपूर्ण निदान स्वतःच्या तोंडाने करीत आहे आणि ऐकणाऱ्याजवळ त्याला देण्यासारखे उपदेशाखेरीज काही नाही. रामलालची भाषा आज्ञार्थाची आहे: सोड, आवर, सिंधूकडे पाहा. सुधाकराला हवे होते ते दुसरेच क्रियापद. ‘तू सोड’ असे सांगणारे त्याला पुष्कळ भेटले. ‘मी सोडली’ असे सांगणारा भेटला नाही. आज्ञार्थ आणि भूतकाळ यांतील हे अंतर व्याकरणात क्षुल्लक असेल. या नाटकात ते प्राणाचे मोल घेते.

आणि असा भूतकाळ उच्चारू शकणारा मनुष्य त्याच नाटकात होता! प्रेमभंगाच्या दुःखाने दारूकडे वळलेला भगीरथ त्याच मंडळात बसलेला होता. रामलालच्या सहवासाने तो सुटला. परंतु त्याच्या सुटकेचा उपयोग नाटककाराने सुधाकरासाठी करून घेतला नाही. भगीरथाला त्यांनी लोकसेवेकडे आणि शरदेच्या उपकथानकाकडे वळविले. सुटलेल्या माणसाने सुटू पाहणाऱ्याजवळ जाऊन बसणे हा या नाटकाचा कणा झाला नाही. यासाठी गडकऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. 1919 साली ही कल्पना जगात कोठेही सुस्थिर झालेली नव्हती. ती सोळा वर्षांनी झाली, आणि ज्या रीतीने झाली ती रीत गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या प्रवेशासारखीच आहे.

1935 सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन या गावी न्यूयॉर्कचा एक दलाल धंद्यात अपयश घेऊन एका हॉटेलात उतरला होता. त्याचे नाव बिल विल्सन. दारू सोडून त्याला थोडेच महिने झाले होते आणि हॉटेलातील मद्यगृह हाकेच्या अंतरावर होते. आपल्याला आता वाचवील तर दुसरा एखादा दारुड्याच, असे त्याच्या मनाने घेतले, आणि असा मनुष्य मिळावा म्हणून त्याने गावात दूरध्वनी करण्यास आरंभ केला. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या शल्यवैद्याशी पडली. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. स्वतःची हकीकत सांगितली. जून महिन्यात स्मिथ यांनी शेवटचा पेला घेतला, आणि त्या दिवसापासून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या संस्थेचा जन्म मानला जातो. 1939 साली त्याच नावाचा ग्रंथ निघाला व त्यात सुटकेच्या बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. भारतात ही मंडळी 1957 साली मुंबईत प्रथम जमली. या प्रकरणातील मर्म पुष्कळांच्या नजरेतून सुटते. विल्सन हा स्मिथना वाचवावयास गेला नव्हता. तो स्वतः वाचावा म्हणून गेला होता. परोपकाराचा आव नसल्यामुळेच समोरच्याला अपमान वाटला नाही. रामलालने किती जन्म घेतले असते तरी ही गोष्ट त्याच्या हातून होती ना.

या संस्थेच्या सभा दोन प्रकारच्या असतात. बंद सभेस केवळ मद्यपीच बसतात. उघड्या सभेस कोणासही जाता येते. अशी एक उघडी सभा आम्ही आमच्या भागातील एका मोठ्या गावी पाहिली. तेथे ऐकलेले तेथेच ठेवून यावे असा संकेत आहे, म्हणून कोणाचीही हकीकत येथे देणार नाही. सभेच्या रचनेविषयी मात्र बोलावयास प्रत्यवाय नसावा, आणि टीकाकाराचा संबंध रचनेशीच असतो. शाळेची एक खोली, मुलांची बाके, किटलीत चहा, भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता. अध्यक्ष आहे, पण तो आजच्यापुरता. वर्गणीची सक्ती नाही. शेवटी एक पिशवी फिरते, ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावे. सभासद होण्यास दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता लागते. वाचकांच्या ध्यानात आलेच असेल: हे आर्यमदिरामंडळच आहे, फक्त पेला उपडा ठेविलेला. शास्त्री आणि खुदाबक्ष येथेही शेजारी बसतात, येथेही कोणी कोणाला हिणवीत नाही. सुधाकराने दारू सोडताना जे गमावले ते सारे त्याला येथे परत मिळाले असते.

बोलणारा उठतो, आपले केवळ पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यपी असल्याचे सांगतो. मराठी सभांतून ‘मद्यपाश’ हा शब्द रूढ झाला आहे. आम्हांस तो फार आवडला. ‘व्यसन’ म्हटले की दोष माणसाकडे जातो. ‘पाश’ म्हटले की माणूस आणि त्याचे बंधन ही दोन वेगळी होतात, आणि बंधन सोडविण्याची भाषा शक्य होते. पुढे हकीकतीचे तीन भाग पडतात: पूर्वी कसे होतो, मग काय घडले, आणि आता कसे आहोत. मध्ये कोणी बोलत नाही, प्रश्न करीत नाही, सल्ला तर मुळीच देत नाही. एकाचे संपले की सारे त्याचे आभार मानतात व दुसरा उठतो. भाषा कोणती? गडकऱ्यांची नव्हे. उपमा नाहीत, अनुप्रास नाहीत. बायकोचे डोरले कोणत्या दुकानी गहाण ठेविले, मुलाच्या वहीचे पैसे किती होते, ते किती वाजता संपले. असे बारीक, कोरडे तपशील. गडकऱ्यांच्या वाणीने डोळे पाणावतात. ही वाणी ऐकताना ते कोरडेच राहतात, पण घरी गेल्यावर झोप येत नाही.

या सभांची आरती ओवाळण्याचा मात्र आमचा विचार नाही. एकच हकीकत दर आठवड्यास सांगून सांगून गुळगुळीत होते. काही वक्त्यांस कोठे हशा पिकतो हे पाठ झालेले असते. पूर्वायुष्यातील पिण्याचे पराक्रम सांगताना एखाद्याचा आवाज किंचित चढतो, आणि ज्याने थोडी प्यायली त्याला आपण या मंडळीत हलके ठरतो की काय असे वाटू लागते. हे दोष वाङ्मयाचे म्हणावे तर वाङ्मयाचे आहेत आणि माणसाचे म्हणावे तर माणसाचे. अधिक गंभीर उणीव अशी की, आम्ही गेलो त्या खोलीत पिणारी म्हणून आलेली एकही स्त्री नव्हती. स्त्रिया पीत नाहीत असा त्याचा अर्थ कोणी भोळ्यानेही करू नये. तालुक्याच्या गावी तिने त्या दारातून आत जाणे पुरुषाहून दसपट कठीण आहे, एवढाच त्याचा अर्थ. तथापि या पद्धतीचा गुण केवळ भाविकांनी सांगितलेला आहे असे नव्हे. कॉक्रेन या वैद्यकीय प्रमाण तपासणाऱ्या संस्थेने 2020 साली 27 अभ्यास आणि सुमारे 10,000 रुग्ण यांचा एकत्र विचार करून असा निष्कर्ष काढला की, सतत मद्यमुक्त राहण्याच्या बाबतीत या पायऱ्यांच्या मार्गावर नेणारे नेमके उपचार इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरतात. सर्वांनाच यश येते असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

येथे एक गोष्ट सांगणे अवश्य आहे, कारण नाटकाने तिच्याविषयी भलतीच समजूत पसरविली आहे. निश्चय झाला की त्याच क्षणी पेला फोडावा, हा रंगभूमीवरील संकेत. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे हे प्रकार घडतात आणि क्वचित प्राणावरही बेतते. तेव्हा प्रथम डॉक्टर, मग सभा. तळीरामाच्या रोगशय्येभोवती वैद्य आणि डॉक्टर यांची जी झटापट गडकऱ्यांनी रंगविली आहे ती हसण्यासाठी उत्तम आहे, अनुकरणासाठी नव्हे.

आता संग्रामपूरच्या गृहस्थांचा खरा प्रश्न. नाव न सांगण्याचा नियम मुंबईत सोपा आहे. दादरच्या माणसाने मुलुंडच्या सभेस जावे, त्याला कोण ओळखतो? संग्रामपुरास हे कसे साधावे? तेथे तालुक्याच्या कचेरीसमोर उभा असलेला मनुष्य कोणाचा कोण, त्याची जमीन कोठे, त्याचे लग्न कोठे झाले, हे चहाच्या टपरीवाल्यास ठाऊक असते. परंतु हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. त्याच टपरीवाल्यास तो मनुष्य रोज संध्याकाळी कोठे जातो हेही ठाऊक असतेच. त्याचे पिणे गुप्त नसते. गुप्त ठेवावेसे वाटते ते सोडणे, कारण सोडणे फसले तर लोक हसतील. म्हणजे लाज दारूची नाही, अपयशाची आहे. यासाठी पुष्कळजण आरंभी शेगाव, खामगाव किंवा अकोला अशा ठिकाणी चौकशी करून जातात, आणि पुढे धीर आला म्हणजे गावातच दोघे तिघे मिळून बसू लागतात. संस्थेच्या रीतीप्रमाणे दोन मद्यपी सुटण्यासाठी एकत्र बसले की सभा झाली. 2020 सालच्या टाळेबंदीपासून दूरध्वनीच्या पडद्यावरही अशा सभा भरू लागल्या आहेत. शेताच्या बांधावर बसूनही त्या ऐकता येतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारने 14446 हा क्रमांक ठेविला आहे. साहित्याच्या मासिकात असे क्रमांक छापण्याची चाल नाही, पण ‘एकच प्याला’च्या प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठावर तो छापला तर आम्हांस आनंद होईल.

वऱ्हाडच्या माणसाला हे सारे परके वाटण्याचेही कारण नाही. त्याच्याकडे या जातीची एक संस्था फार दिवसांपासून आहे, ती म्हणजे वारकऱ्याची माळ. गळ्यात तुळशीची माळ पडली की मद्यमांस सुटले. आणि ती एकट्याने घ्यावयाची नसते, फडाची, दिंडीची, हरिपाठाची सोबत तिच्यामागे असते. शेगावास पायी जाणाऱ्या दिंड्यांतून असे किती तरी जण चालत असतील की ज्यांची माळ हाच त्यांचा सारा उपचार. गाडगे महाराज कीर्तनात श्रोत्यांस उलट प्रश्न करीत, आणि दारू पिणाऱ्यास स्वतःचे उत्तर स्वतःच्या तोंडाने द्यावे लागे. तुकडोजी महाराजांच्या सेवामंडळांनी विदर्भातील गावोगाव सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेला माणसे बसविली. सायंकाळची वेळ ध्यानात घ्यावी. मद्यपीला सर्वांत कठीण घटका हीच.

तरीही माळ आणि सभा यांत एक भेद आहे आणि तो लहान नाही. माळ जन्माची असते. ती एकदा तुटली, मनुष्य एकदा पाय घसरून प्याला, की त्याला दिंडीत तोंड दाखविता येत नाही. तो माळ खुंटीला अडकवितो आणि मंडळी चुकवू लागतो. सभेतील व्रत केवळ चोवीस तासांचे असते. आज नाही, उद्याचे उद्या. ज्याचे व्रत मोडले त्याने पुन्हा येऊन तेच सांगावयाचे असते, आणि त्या दिवशी त्याच्यासाठी किटलीतील चहा अधिक आपुलकीने ओतला जातो, हे आम्ही पाहिले आहे. वारकऱ्यांनी आपली माळ सोडावी असे आम्ही कसे म्हणू? परंतु माळ तुटलेल्याला परत घेण्याची काही रीत फडांनी घालून दिली तर संतांनाही ते मानवेल, असे वाटते. स्वतःचे दोष स्वतःच्या तोंडाने चारचौघांत सांगणे हे तर तुकोबांच्या गाथेत पानोपानी आहे. त्या पायरीसाठी ॲक्रनपर्यंत जावे लागत नाही.

सिंधूविषयी दोन शब्द. तिच्या मुलाला पित्याने दारूच्या धुंदीत मारिले, तिच्यावरही घाव घातला. आणि मरणाच्या दारी असताना नवऱ्याला फाशीपासून वाचविण्यासाठी ती फौजदारापुढे खोटे बोलते. या प्रसंगाला मराठी प्रेक्षकाने पातिव्रत्याची परमावधी म्हणून गौरविले. नाट्यदृष्ट्या तो उत्तुंग आहे यात शंका नाही. परंतु मद्यपींच्या घरच्या माणसांनीही 1951 पासून आपली निराळी मंडळी चालविली आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण या केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. तेथे या कथेचे वाचन कसे होईल? नवऱ्याचे पांघरूण होणे हे प्रेमाचे काम खरे, पण त्या पांघरुणाखाली रोग उबेत वाढतो, असेच तेथील कोणतीही बाई सांगेल. तिने स्वतः अधिकाऱ्याला, घरमालकाला, सासऱ्याला असे किती तरी खोटे सांगितलेले असते. या दृष्टीने तळीरामाची बायको गीता अधिक शहाणी ठरते. ती फटकळ आहे, भांडते, लपवीत नाही. गडकऱ्यांनी तिला विनोदासाठी ठेविले. आम्हांस ती नाटकातील सर्वांत निरोगी व्यक्ती वाटते.

मुक्तांगणाचे नाव आले म्हणून अनिल अवचट यांच्या लेखनाचाही उल्लेख केला पाहिजे. त्यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिले. ते वाचून पु. ल. व सुनीता देशपांडे यांनी साह्य दिले, आणि 1986 साली डॉक्टर अनिता अवचट यांनी पुण्यास हे केंद्र उभे केले. ‘मुक्तांगणची गोष्ट’ या पुस्तकात अवचटांनी ती हकीकत सांगितली आहे. गडकरी आणि अवचट यांस शेजारी ठेवून वाचावे. पहिल्याची वाक्ये झुंबरासारखी, दुसऱ्याची कंदिलासारखी. इतकी साधी की लेखक काही करीत आहे असे वाटतच नाही. मराठीत व्यसनाची कथा शतकभर पडण्याचीच कथा होती. उठण्याची कथा गद्यात आली ती या साध्या वाणीने आणिली. सभेतल्या हकीकतींशी तिचे नाते अगदी जवळचे आहे. मात्र या पुस्तकातही सांगणारा मनुष्य बाहेरचाच आहे, आपुलकीचा पण स्वतः न प्यालेला. ज्याने पेला उपडा ठेविला त्यानेच तो अनुभव नाटकाच्या रूपाने लिहावा, हे मराठीत व्हावयाचे आहे. अडचण उघड आहे: नाव लपविण्याचा नियम पाळावा तर ग्रंथकार होता येत नाही, आणि ग्रंथकार व्हावे तर नियम मोडतो.

तूर्त जे नाटक आपल्याजवळ आहे त्याचे काय करावे? गणेशोत्सवात वा स्पर्धेत ‘एकच प्याला’ करणाऱ्या हौशी मंडळ्यांस एक विनंती आहे. प्रयोग आटोपशीर करावयाचा म्हणून सर्रास प्रथम कात्री लागते ती उपकथानकाला, आणि त्याबरोबर भगीरथ वाहून जातो. आर्यमदिरामंडळ मात्र हशासाठी राखले जाते. पदे कमी करा, शास्त्र्याची कोटी कमी करा, पण भगीरथाला ठेवा. आणि शेवटच्या अंकात सुधाकर रसकापूर घातलेला पेला हाती घेतो, त्या वेळी भगीरथाचे काम करणाऱ्या नटाला पंखात उभे न ठेविता रंगमंचाच्या कडेला, प्रकाशात, प्रेक्षकांस दिसेल असा नुसता बसवून ठेवावा. त्याला एकही वाक्य देऊ नये. गडकऱ्यांच्या संहितेला धक्का लागणार नाही.